बंबाच्या जागी गिझर: आधी वायरिंग आणि भिंत बघा

पंचवटीतला जुना वाडा, माणसं चार, न्हाणीघराला वीतभर झरोका आणि तांब्याचा बंब आता बंद करायचा आहे. गॅस गिझर, विजेचा की सोलर, असं तुम्ही विचारलंय.

न्हाणीघराच्या आत गॅस गिझर अजिबात नको. हवा अपुरी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, आंघोळ करणारा कळायच्या आत बेशुद्ध पडतो. थंडीत तर झरोकाही बोळा घालून बंद करतात. गॅसचाच हवा असेल तर गिझर बाहेर मोकळ्या पडवीत लावा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा.

तुमच्यासाठी विजेचा 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा साठवणीचा गिझर बरा. 20 अंशांचं पाणी 60 पर्यंत जायला साधारण 35 मिनिटं आणि सव्वा युनिटच्या आत वीज लागते. त्यात गार पाणी मिसळून 40 अंशांचं सुमारे 50 लिटर, म्हणजे अडीच बादल्या मिळतात. दोघांच्या आंघोळी झाल्या की पुन्हा अर्धा तास थांबावं लागेल. 3 किलोवॅटचा इन्स्टंट घेतलात तर 40 अंशांची 20 लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं लागतील.

खरी अडचण वायरिंगची. 2 किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, त्यातही अॅल्युमिनियमची असेल तर, जोडाजवळ तापते. म्हणून मीटरपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की बंद पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग हवंच. कित्येक वाड्यांत तिसरी पिन नुसती शोभेला असते, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. बिलावरचा मंजूर भारही बघा. तो 1 किलोवॅट असेल तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा.

भरलेला गिझर 35 किलोच्या आसपास जातो. मातीने सांधे भरलेल्या भिंतीत फास्टनर धरत नाही, थोड्या दिवसांत सैल होतो. बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी द्या, नाहीतर जमिनीवरून अँगलचा स्टँड करा. गरम पाण्याला उष्णता सोसणारी सीपीव्हीसी पाइपच, साधी पीव्हीसी वाकते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात, म्हणून कुणी तो बुजवायला निघालं तर हात धरा. दाब बाहेर पडायची वाट तीच आहे.

बोअरचं पाणी असेल तर क्षार एलिमेंटवर बसतात, तापायला वेळ लागतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करा, टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची दांडी झिजली असेल तर बदला.

सोलर 100 लिटरचा चालेल, पण कौलांवर नको. टाकीचं वजन पेलणारा स्लॅब, दक्षिणेकडे मोकळं ऊन आणि सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर गार पाण्याची टाकी, हे तिन्ही असेल तरच त्याचा विचार करा.