टेकडी सुटली, डायरी का सोडलीत?

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, सहकारनगरला राहतो. १९ वर्षं रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर जायचो आणि घरी येऊन डायरीत दोन ओळी लिहायचो. गेल्या दिवाळीत फुफ्फुसांचं फायब्रोसिस निघालं, म्हणजे फुफ्फुसं कडक होत चाललीत. कबुतरांच्या विष्ठेमुळे असावं, असं डॉक्टर म्हणतात. एक जिना चढलो की ऑक्सिमीटर ८५ दाखवतो. घरात ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर आलाय. मुलगा म्हणतो, "बाबा, गॅलरीत बसा, तिथूनच निसर्ग बघा." आमच्या गॅलरीतला निसर्ग म्हणजे कबुतरं आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे! जानेवारीत डायरी बंद केली. लिहिण्यासारखं काय उरलंय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलगा मायेने बोलतो, पण तुमचा राग मला पटला. तळजाईची भरपाई गॅलरी करणार नाही. करते असं कोणी म्हणालं तर खुशाल चिडा.

आधी कबुतरांचं बघू. तुमच्या आजारात ती शोभेची नाहीत, कारण असावीत. गॅलरीला जाळी लावून घ्या. साठलेली घाण दुसऱ्या कुणाला तरी ओली करून, तोंडाला मास्क बांधून काढायला सांगा. सुकी झाडली की तीच धूळ हवेत उडते. त्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत, दार लावून. हे झाल्याशिवाय गॅलरीत खुर्ची टाकू नका. कोणी 'निसर्ग' म्हणालं तरी नाही.

आता माझं सांगते. मला नऊ वर्षांपासून आमवात आहे, रुमॅटॉइड. सकाळी नऊपर्यंत बोटं मिटत नाहीत, गॅसचं बटण फिरवायला ह्यांना हाक मारावी लागते. त्याआधी दर रविवारी सिंहगड, पायथ्यापासून चालत. आजार कळल्यावर पहिलं वर्षभर मी खिडकीकडे पाठ करून बसायचे. खरंच. बाहेर हिरवं दिसलं की पोटात तुटायचं.

पुन्हा खिडकीकडे वळले ते एका शेवग्यामुळे. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, एक फांदी वाळलेली होती. फेब्रुवारीत तिथून टुक्-टुक् सुरू झालं. तांबट! चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. त्याचा आवाज मी सिंहगडाच्या वाटेवर शेकडो वेळा ऐकला असेन आणि 'तांबट' म्हणून पुढे गेले असेन. इथे पुढे जायची सोयच नव्हती. म्हणून तो चोचीने भोक कसं कोरतो, भुसा कसा बाहेर टाकतो, नर-मादी आळीपाळीने आत कसे बसतात, हे बसून बघितलं. सोसायटीने छाटणीला माणूस आणला तेव्हा त्याला वरूनच ओरडले, "ती वाळकी राहू दे!" सेक्रेटरी वैतागले. मेमध्ये भोकातून एक डोकं बाहेर आलं. लाल टिळा नव्हता, बाकी अगदी बापासारखं. आई-बाप कोपऱ्यावरच्या उंबराची फळं आणून भरवायचे.

आजारामुळे हे बघायला मिळालं, असं मी म्हणणार नाही. मला अजूनही सिंहगड हवा आहे.

तळजाईचंही पूर्ण सोडू नका. वरपर्यंत रिक्षा जाते, आणि वर गेल्यावर सपाटीच आहे. किती चालायचं, ऑक्सिजन सोबत न्यायचा का, हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतील. धाप कमी करायला काहींना तो उपयोगी पडतो. मग बाकावर बसा. ओळखीचे लोक भराभर चालत पुढे जातील, ते पहिल्यांदा फार लागेल. मला लागलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सातभाई पक्ष्यांचा कलकलाट त्यांच्या गप्पांपेक्षा बरा वाटायला लागतो. (त्यांच्या गप्पा बहुतेक गुडघ्यांच्या असतात.)

पण तुमच्या पत्रात माझं मन अडकलं ते डायरीत. १९ वर्षं! गिरिपुष्पाला पहिला गुलाबी बहर कधी आला, मोर कधी ओरडायला लागले, हे सगळं तुमच्याकडे तारखेनिशी असेल. पुण्यात इतकं कुणी लिहून ठेवतं का? आणि त्यातल्या बऱ्याचशा नोंदींना टेकडी लागतच नाही. पावशाचंच घ्या. "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" हे त्याचं ओरडणं उन्हाळ्यात रात्रीसुद्धा चालतं, आणि तुमच्या घरापासून झाडी फार लांब नाही. कॉन्सन्ट्रेटरची घरघर असते, म्हणून उशाकडची खिडकी किलकिली ठेवा.

माझ्याकडे डायरी नाही, मी कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते. पावशा यंदा २९ मार्चला, पहाटे साडेचारला. गेल्या वर्षी ४ एप्रिल. त्याआधीच्या वर्षी मी दवाखान्यात होते, चौकट रिकामी आहे. तुमच्या डायऱ्यांत ती तारीख असेल तर मला कळवाल का?