राजकारणावर वाद घालताना आपण तत्त्वाचं बोलतोय की पोटातल्या रागाचं, हे स्वतःशी खरं राहून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मेहुण्यांशी राजकारणावरून जुंपली, तुम्ही म्हणालात मी तत्त्वाचं बोलतोय, बायको म्हणाली राग बोलतोय, आणि आता तुमचं तुम्हालाच कळेना. शिवाय विचारलंय की समोरच्याच्या पोटातलं दिसलं तर ते त्याला तोंडावर सांगावं का. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे. दुसऱ्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं सोळा वर्षं पटत नाही, तेव्हा तिथं मी एका बाजूची आहे.

रीत सोपी आहे. ज्या गोष्टीला विरोध करताय तिच्यातलं नाव बदला. कारणं सगळी तीच ठेवा, फक्त माणूस बदला, पक्ष बदला, जात बदला. तरी तितक्याच जोरात बोलाल का? बोलाल, तर तत्त्व. जीभ अडखळली, तर राग आधी आला आणि तत्त्व त्याला नंतर जोडलंय.

ही रीत मला माझ्या वडिलांकडून मिळाली, त्यांनी शिकवली नाही तरी.

आम्ही परभणी जिल्ह्यातले. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर. घर सवर्ण, गावात मानाचं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आठवड्याभरात मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला दलित समाजातल्या पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. गावोगाव दलितांची घरं जाळली. मी आठवीत होते. अण्णा नामांतराच्या विरोधात होते, तालुक्याला मोर्चा निघाला त्यात गेलेही होते. त्यांचं म्हणणं असं, की निजामाच्या तावडीतून हा मुलूख सोडवला, आमच्या हाताला लागलेलं हे एकच मोठं विद्यापीठ, त्याच्यावरचं ‘मराठवाडा’ हे नाव पुसू नका. बाबासाहेब थोरच आहेत, प्रश्न अस्मितेचा आहे. निजामाविरुद्धच्या लढ्यातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा माणूस त्याच बाजूला उभा म्हटल्यावर अण्णांना आपल्या मनाची झडती घ्यायची गरजच वाटली नाही.

आणि याच अण्णांनी, आमच्या गावात वस्तीवर जाळपोळ झाली त्या रात्री, शाळेचं कुलूप काढून चौदा-पंधरा कुटुंबांना आत घेतलं. स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. आईनं भाकरी आणि पिठलं करून दिलं, ते घेऊन मी गेले. माझ्या वर्गातली एक मुलगी तरटपट्टीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. परकराची कड जळून कडक झाली होती आणि ती कड ती नखानं खुडत होती. बारीक काळा भुगा पट्टीवर पडत होता. भाकरी घेतली तिनं, पण वर बघितलं नाही. आदल्या आठवड्यापर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो.

हे दोन्ही माझे अण्णाच. दादा फक्त खुर्ची सांगतो. मी मोर्चाही सांगते.

पुढं सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला, नामविस्तार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. अण्णा म्हणाले, “चला, मराठवाडा राहिला,” आणि विषय संपवला. दादाचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे: बघ, शब्द राहिला तसा त्यांचा विरोध गेला, म्हणजे तत्त्वच होतं. युक्तिवाद कच्चा नाही. कितीतरी वर्षं मलाही तो खोडता येत नव्हता.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडचं वेगळं विद्यापीठ झालं. आमचा परभणी जिल्हा त्यात गेला. नाव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. स्वामीजी म्हणजे निजामाविरुद्धच्या त्या मुक्तिसंग्रामाचे पुढारी. 2009 साली दादाच्या मुलीचं पदवी प्रमाणपत्र घरी आलं. अण्णा ब्याऐंशीचे. ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. चष्मा पुसला, प्रमाणपत्र हातात घेतलं आणि विद्यापीठाचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. स्वामीजींना त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेलं, आवाज भरून आला. मी शेजारी तूर निवडत होते. तोंडून निघून गेलं:

“अण्णा, 1978 ला यातला ‘मराठवाडा’ गाळून नुसतं स्वामीजींचं नाव त्या विद्यापीठाला दिलं असतं, तर तुम्ही मोर्चाला गेला असता?”

अडकित्त्यात अर्धी सुपारी तशीच राहिली. बराच वेळ ते अंगणातल्या रांजणाकडे बघत होते. मग म्हणाले, “नसतो गेलो, बाई.”

एवढंच. खुलासा नाही, ‘पण’ नाही, ‘त्या काळची परिस्थिती’ नाही. तत्त्वाची माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ब्याऐंशीव्या वर्षी, लेकीसमोर, एकतीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट तीन शब्दांत सोडून देणारा हा एकच माणूस पाहिला. मला त्या उत्तराचा अभिमान आहे, खुर्चीइतकाच.

दादा आतून ऐकत होता. म्हाताऱ्या माणसाला असं कोंडीत पकडायचं नसतं, तू त्यांचा शेवट कडू केलास, असं तो आजही म्हणतो. त्याचं सांगणं असं, की मनातलं मनात राहू द्यावं, राजकारण तर्कानं बोलावं आणि भावना घरात ठेवाव्यात. मला हे साफ नामंजूर आहे. राग लाजिरवाणा नसतो. रागाला कायद्याची, अस्मितेची, खर्चाची कापडं नेसवून बाहेर धाडलं की मग घरं जळतात, आणि प्रत्येकजण म्हणतो मी तर तत्त्वाचं बोललो होतो, माझा काय संबंध.

रीत स्वतःवरही लावावी लागते. 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा मी तावातावानं बोलत होते की पाट्या, शिक्के, कागदपत्रं बदलायला किती पैसा जाणार. मग एका रात्री स्वतःला विचारलं, 1994 ला तुला पाट्यांचा खर्च आठवला होता का? नव्हता. माझं दुखणं वेगळं होतं: त्या शहरात माझं कॉलेज झालं, त्या नावानं मला आलेली पत्रं अजून पेटीत आहेत, आणि नाव बदलणाऱ्यांचा हेतू मला आवडला नव्हता. तेव्हापासून मी तेवढंच सांगते, खर्चाचं बोलत नाही. गंमत नाही सांगत, तसं बोलायला लागल्यावर समोरची माणसं ऐकतात.

एक राहिलंच. ही रीत विरोध करणाऱ्यानं स्वतःवर लावायची आहे. ज्यांनी नाव मागितलं त्यांना “नाव बदलून बघा” म्हणू नका. त्यांच्यासाठी नाव हाच मुद्दा होता. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची फारशी सोय नव्हती तेव्हा बाबासाहेबांनी 1950 ला औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं होतं, त्या नावावर ते मागणाऱ्यांचा हक्क होता, आणि त्यांची भावना आणि त्यांचं तत्त्व एकच होतं. भावना दिसली की माणूस चुकलाच, असं कुणी यातून काढलं तर ते माझं म्हणणं नाही.

आता मेहुण्यांचं. चारचौघांत सांगू नका. एकट्यात, आणि सांगू नका, विचारा. हेतू त्यांना हरवायचा असेल तर विचारूही नका. आणि आधी तुमचं तुम्ही बघा, बायकोनं काही उगीच म्हटलेलं नसणार. याहून जास्त मला सांगता येत नाही, मेहुणे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, हे दादा दर वेळी सांगतो. ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेल्यावर अण्णांनी मला हाक मारली आणि विचारलं, “ती तुझ्या वर्गातली मुलगी, शाळेत मुक्काम होता बघ त्यांचा, ती आता कुठं असते?” मी म्हटलं, नांदेडला, शिक्षिका आहे. “बरं झालं,” म्हणाले, आणि मग चहाबरोबर रात्रीची भाकरी मागून खाल्ली. हे मी दादाला कधी सांगितलं नाही, सांगायला गेले की रडू येतं. आता इथं लिहिलंय. तो वाचेल.