तलावाचं पाणी पोटात गेलं तर मेंदूत अमीबा जातो का?

नाही, पिण्याने हा आजार होत नाही. धोका आहे तो नाकाचा. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा गोड्या, कोमट पाण्यात राहतो. तळी, डबकी, क्लोरीन नीट न टाकलेले पोहण्याचे तलाव ही त्याची ठिकाणं. 46 अंश सेल्सियसपर्यंतचं पाणीही त्याला मानवतं. सूर मारताना पाणी जोरात नाकात गेलं, की तो वासाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदूत पोहोचतो. समुद्राच्या पाण्यात तो नसतो, आणि माणसाकडून माणसाला लागणही होत नाही.

आपल्याकडे जलनेती, म्हणजे नाकात पाणी सोडून नाक धुणं, करणारे बरेच आहेत, त्यांना मी कळकळीने सांगेन: नळाचं पाणी तसंच वापरू नका. अमेरिकेत लुइझियानामध्ये 2011 साली नेतीसाठी नळाचं पाणी वापरलेले दोघं यानेच दगावले. पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळा, मग निववून घ्या.

आजार दुर्मीळ आहे, पण बहुतेकदा जीवघेणा. 2024 मध्ये केरळमधला 14 वर्षांचा एक मुलगा यातून बचावला, कारण निदान लवकर झालं. मिल्टेफोसिन हे मुळात काळा आजारावरचं औषध, तेही त्याला दिलं होतं.

म्हणून पोहून आल्यावर बारा-एक दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणं असं काही झालं तर लगेच मोठं रुग्णालय गाठा आणि ‘पाण्यात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लक्षणं सुरू झाल्यावर हातात जेमतेम काही दिवस असतात.