घर गहाण टाकण्याआधी

चि. भाच्यास आशीर्वाद.

फोंड्याचं घर तारण ठेवून पर्वरीला फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यातून हप्ता फेडायचा, हा तुझा बेत ऐकून मी फोनवर गप्प राहिलो. हेच करून मी एकदा हात पोळून घेतले आहेत.

आधी सह्या. तुझे बाबा गेल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेलीच नाही. आपल्या गोव्याच्या कायद्याने निम्मं घर तुझ्या आईचं, उरलेल्या निम्म्यात तुम्ही दोघं भावंडं. ताईने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिच्या नवऱ्याचीही सही लागेल. बँकेचा वकील पहिल्यांदा तेच विचारणार.

आता आकडे. ३० लाख, १० टक्के, १५ वर्षं: हप्ता सुमारे ३२,२४० रुपये. भाडं तू २५ हजार धरलंयस, तेही बाराही महिने. शिवाय दर तरता, म्हणजे मधेच बदलणारा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेवढीच वाढ तुला लागली तर हप्ता ३७ हजारांच्या घरात. बँक बहुतेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, म्हणून चटकन कळत नाही. मला दोन वर्षांनी कळलं!

पर्यटकांना द्यायचा म्हणतोस, तर पर्यटन खात्यात नोंदणी कर. आणि मिरगापासून चवथीपर्यंत कुणी फिरकत नाही असं धरून चाल. ऑगस्टात मी माझा फ्लॅट उघडला तेव्हा कपाटात हिरवी बुरशी, गादीला कुबट वास. हप्ता मात्र पाच तारखेला खात्यातून गेलेला.

हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकेला तारण जप्त करू देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते. ती त्या फ्लॅटवर नाही, आई राहते त्या घरावर.

माझं ऐकशील तर फ्लॅटवरच गृहकर्ज काढ. व्याज सहसा कमी पडतं आणि घर मोकळं राहतं. हातचे पैसे पुरत नसतील तर दोन वर्षं थांब, पर्वरी कुठे पळून जात नाही.

रविवारी ये. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बिल्डरचा रेरा क्रमांक (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) आणि जमीन बिगरशेती केल्याची सनद घेऊन ये. आक्काला, तुझ्या आईला, अजून सांगितलं नसशीलच. सही मागायच्या आधी सांग.

तुझा मामा