०.७ चा आकडा आणि वाढणारे कबरस्तान : एक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पूर्व चाडमध्ये, सुदानच्या दारफूरमधून सीमा ओलांडून आलेल्या लोकांच्या छावणीत काम करता आहात. मागच्या ९० दिवसांतल्या मृत्यूंचे सर्वेक्षण केल्यावर दर १०,००० माणसांमागे रोज ०.७ मृत्यू असे उत्तर निघाले. आकडा १ या आणीबाणीच्या रेषेच्या खाली आहे, म्हणजे आणीबाणी नाही, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. तुम्हाला मात्र छावणीच्या कडेचे कबरस्तान दर आठवड्याला वाढताना दिसते. आकड्यावर विश्वास ठेवू की डोळ्यांवर, असे तुम्ही विचारले आहे. २०१२ साली दक्षिण सुदानमध्ये मी याच प्रश्नापाशी अडकलो होतो आणि तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवला होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधीच सांगतो की मी संख्याशास्त्रज्ञ नाही. मुलांचा डॉक्टर म्हणून गेलो आणि मोजणीच्या कामात ओढला गेलो. तुमचे मूळ तक्ते मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे हेच झाले असेल असा माझा दावा नाही. समूह कसे निवडायचे, नमुना किती घ्यायचा, कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा) कसे काढायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येत असणार, तेव्हा त्यात शिरत नाही. मला बोलायचे आहे ते फक्त छेदाबद्दल, म्हणजे मृत्यूंच्या आकड्याला (अंशाला) ज्या लोकसंख्येने भागतो तिच्याबद्दल. मृत्यूंचा आकडा चुकला तर कोणीतरी ओरडते, कारण मेलेल्याचे आईबाप समोर असतात. छेद चुकला तर कोणाच्याही लक्षात येत नाही.

सुदानच्या ब्लू नाइल प्रांतातल्या लढाईतून पळालेले लोक २०११ च्या अखेरीपासून दक्षिण सुदानच्या माबान भागात येत होते. २०१२ च्या मे-जून महिन्यांत, पाऊस सुरू होता होता, काही आठवड्यांत तीस हजारांहून अधिक लोक आणखी आले. तिथली जमीन आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, चिकट, पाणी न जिरणारी. पावसात छावण्यांमध्ये गुडघाभर चिखल आणि तरीही प्यायला स्वच्छ पाणी नाही, अशी ती अवस्था होती. त्यातल्या एका छावणीत आम्ही सर्वेक्षण केले. प्रत्येक झोपडीत घरातल्या माणसांची यादी करायची, मागच्या ९० दिवसांत कोण जन्मले, कोण आले, कोण गेले, कोण वारले ते लिहायचे, असा साधा तक्ता होता. वारलेल्यांच्या रकान्यात सर्वेक्षक मुलांनी ठिकाणही लिहिले होते. ‘मुलगी, २ वर्षे, जुलाब, रस्त्यात.’ ‘म्हातारी, ताप, रस्त्यात.’ नव्याने आलेल्या लोकांच्या वस्तीत अशा ओळी पानोपानी होत्या.

कच्चे तक्ते मी एका कार्यालयाला पाठवले. त्याचे नाव घेत नाही आणि कृपया कोणी विचारू नये. दोन दिवसांनी उत्तर आले की छावणीबाहेर झालेले मृत्यू हे छावणीतल्या सेवांचे मोजमाप होऊ शकत नाहीत, सबब ते वगळून दर पुन्हा काढावा. वाचताना हे पटण्यासारखे होते, आणि खरे सांगायचे तर आजही त्यात तत्त्वतः चूक नाही. त्या रात्री तंबूत डोक्याला टॉर्च बांधून मी लाल पेनाने ‘रस्त्यात’ लिहिलेली एकेक ओळ खोडत बसलो. त्या दोन वर्षांच्या मुलीची ओळही खोडली. तिच्याच खालच्या ओळीवर तिचा भाऊ होता. त्यालाही रस्त्यातच जुलाब लागले होते, पण तो छावणीत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गेला, म्हणून त्याची ओळ राहिली.

पुढची चूक मात्र कार्यालयाची नव्हती, सर्वस्वी माझी होती. रस्त्यातले मृत्यू मी अंशातून काढले, पण रस्त्यातले दिवस छेदातून काढले नाहीत. महिन्याभरापूर्वी आलेला माणूसही माझ्या हिशेबात पूर्ण ९० दिवस छावणीत राहिलेला होता. म्हणजे ज्या दोन महिन्यांतले मृत्यू मी मोजायचे नाकारले, त्याच दोन महिन्यांतले त्यांचे जगणे मात्र छावणीच्या खात्यावर जमा केले.

याने किती फरक पडतो ते पाहण्यासाठी सोपे, केवळ हिशेबापुरते आकडे घेऊ. छावणीत ३०,००० माणसे आहेत. त्यांपैकी १५,००० पूर्ण ९० दिवस तिथे आहेत आणि उरलेली १५,००० तीस दिवसांपूर्वी आली आहेत. छावणीत एकूण २१६ मृत्यू झाले. माझ्या पद्धतीने छेद होतो ३०,००० गुणिले ९०, म्हणजे २७ लाख व्यक्ती-दिवस (एक माणूस एक दिवस राहिला की एक), आणि दर येतो ०.८. खरा छेद आहे जुन्यांचे साडेतेरा लाख अधिक नव्यांचे साडेचार लाख, म्हणजे १८ लाख, आणि दर येतो १.२. आता त्या २१६ पैकी ८१ मृत्यू जुन्या वस्तीत आणि १३५ नव्या वस्तीत झाले असे धरा. जुन्यांचा दर ०.६ निघतो आणि नव्यांचा ३. म्हणजे एकाच छावणीत, पाण्याच्या एका टाकीच्या अलीकडे आणि पलीकडे, पाचपट फरक आहे, आणि तो सगळा ०.८ नावाच्या एका शांत आकड्यात बुडून गेला आहे.

आमचा आकडा असाच १ च्या खाली आला. नव्या वस्तीसाठी मागितलेले जादा पाणी आणि दुसरे दवाखान्याचे ठाणे ‘पुढील आढाव्यापर्यंत’ थांबले. मला चूक कळली ती तीन आठवड्यांनी, आणि तीही हुशारीने नव्हे. कबरी खोदणाऱ्या एका माणसाने माझ्याकडे फावड्यासाठी नवा दांडा मागितला. काळी माती ओली असताना फावड्याला चिकटते, दांडे मोडतात, असे तो म्हणाला. किती दांडे मोडले, असे विचारल्यावर त्याने बोटांवर मोजून दाखवले, आणि त्या संख्येचा माझ्या आकड्याशी काही केल्या मेळ बसेना. मग तक्ते पुन्हा उघडले. सुधारित दर पाठवला तेव्हा त्याच कार्यालयाने कळवले की एकदा अंतिम झालेला अहवाल बदलण्याची प्रक्रिया उपलब्ध नाही. नवीन सर्वेक्षणाचा प्रस्ताव द्यावा. प्रस्तावाचा नमुनाही सोबत जोडला होता. आज इतक्या वर्षांनीही तो नमुना आठवला की हात शिवशिवतात, पण ते असो.

तर माझे पहिले मत, आणि ते ठाम आहे : तुमच्या तक्त्यात प्रत्येक माणसापुढे ‘छावणीत आल्याची तारीख’ हा रकाना नसेल, तर ०.७ या आकड्याला तूर्त काही अर्थ नाही. दारफूरमधून लोक लाटांनी आलेले आहेत; तुमच्या ९० दिवसांत अशी एखादी मोठी लाट येत असेल, तर सरासरी घेणे म्हणजे तापलेल्या आणि गार तव्याचे तापमान एकत्र करण्यासारखे आहे. रस्त्यातले आणि मूळ गावातले मृत्यू मी आता खोडत नाही. गाव, रस्ता, छावणी असे तीन भाग करतो, प्रत्येकाचे मृत्यू वेगळे आणि प्रत्येकाचे व्यक्ती-दिवसही वेगळे. छावणीच्या सेवांचा प्रश्न विचारणाऱ्याला तिसरा आकडा मिळतो, आणि लोकांवर काय गुदरले हे विचारणाऱ्याला पहिले दोन. तारीख लोकांना सांगता येत नाही, ही अडचण खरी आहे. आम्ही आधी रमजानचा आधार घेतला, पण तिथल्या काही वस्त्यांमध्ये बरेच लोक ख्रिस्ती होते आणि त्यांना रमजान कधी लागला याचे सोयरसुतक नव्हते. त्यांच्यासाठी पहिला मोठा पाऊस आणि ९ जुलैचा दक्षिण सुदानचा स्वातंत्र्यदिन चालला. तुमच्याकडे ईद चालेल, पण चौकशी करून मगच ठरवा.

दुसरी गोष्ट छेदाचीच, पण दुसऱ्या टोकाची. पूर्ण छावणीची लोकसंख्या म्हणून तुम्ही शिधापत्रिकांची बेरीज वापरली आहे, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. घरातले माणूस गेल्याचे सांगितले की माणशी शिधा कमी होतो, हे रेशनकार्ड पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला समजावून सांगायला नको. म्हणून मेलेली माणसे यादीत जिवंत राहतात, छेद फुगतो आणि अंश आटतो. एकाच लबाडीने दोन्हीकडून दर खाली येतो. आणि मी तिला लबाडीही म्हणणार नाही, कारण त्या जागी मीही तेच केले असते. आमचे सर्वेक्षक धान्य वाटणाऱ्यांच्याच गाडीतून आणि तशीच जाकिटे घालून गेले होते, हा आमचा मूर्खपणा. सर्वेक्षणाचा चमू वेगळा ठेवा, पायी पाठवा, आणि ‘या उत्तराने शिधा वाढणार नाही, कमीही होणार नाही’ हे वाक्य पहिल्यांदा बोलायला लावा.

लोकसंख्येच्या अंदाजाने दर किती हलतो याचे सर्वांत भयंकर उदाहरण काँगोतल्या (तेव्हाच्या झाईरमधल्या) गोमा शहराचे आहे. जुलै १९९४ मध्ये रवांडातून तिथे पाच ते आठ लाख लोक आले. मुख्यतः कॉलरा आणि हगवणीने पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे मेली. लाव्हाच्या खडकात कबर खोदता येत नव्हती, त्यामुळे प्रेते रस्त्याच्या कडेला ठेवली जात आणि ट्रक ती उचलत. म्हणजे अंश तसा बऱ्यापैकी मोजलेला होता. तरीही दर दहा हजारांमागे रोज २० ते ३५ असाच सांगावा लागतो. दोन टोकांमधले जवळजवळ सगळे अंतर पाच लाख की आठ लाख, या एका प्रश्नाचे आहे.

वरिष्ठांच्या ‘१ च्या खाली’ या युक्तिवादाबद्दल थोडे. रोज दहा हजारांमागे १ म्हणजे वर्षाला हजारामागे ३६.५. भारताचा स्थूल मृत्युदर हजारामागे सहाच्या आसपास आहे. म्हणजे ज्या पातळीला तिथे ‘अजून आणीबाणी नाही’ म्हणतात, ती आपल्या नेहमीच्या मृत्युदराच्या सहापट आहे. ही रेषा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतला जुना नेहमीचा दर रोज दहा हजारांमागे सुमारे ०.५ धरून, त्याच्या दुपटीवर आखलेली आहे. पाच वर्षांखालील मुलांसाठी तीच रेषा २ वर आहे. त्या लोकांचा लढाईपूर्वीचा दर माहीत असेल तर त्याची दुप्पट पाहावी, असा निकष मानवतावादी मदतीच्या मानकांतच लिहिलेला आहे; वरिष्ठांना तो दाखवा. मात्र हा मूळ, म्हणजे लढाईपूर्वीचा, दर निवडताना सावध राहा. काँगोमध्ये १९९८ ते २००७ या काळात ५४ लाख जादा (नेहमीच्या दरापेक्षा जास्तीचे) मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला होता. त्यावरचा मोठा वाद मोजलेल्या मृत्यूंइतकाच, वजा करायला घेतलेला मूळ दर फार कमी धरला होता का, यावर झाला.

दवाखान्याचे आकडे कोणी पुढे केले तर ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून कॉलऱ्याच्या रुग्णांतला मृत्यूंचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणला. हे थोर काम आहे, पण तो दर दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचा आहे. झोपडीत मेलेले मूल त्या छेदात येत नाही आणि अंशातही येत नाही. आम्हालाही तेव्हा ‘वॉर्डात तर मृत्यू कमी आहेत’ असे ऐकवण्यात आले होते.

अंशाबद्दल दोनच सूचना करतो. नाव ठेवण्याआधी गेलेले मूल बहुतेक घरे मोजत नाहीत. तिकडे सातव्या दिवशी नाव ठेवतात, आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी, पण त्याआधीच्या मुलाबद्दलचे मौन सारखेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव जन्म आणि मृत्यूंची स्वतःची मोजणी उभी केली ती याच कारणाने. म्हणून ‘कोणी वारले का’ असे विचारण्याआधी ‘या काळात कोणाला दिवस गेले होते का, आणि पुढे काय झाले’ असे विचारा. दुसरे, तुमच्याकडे तरुण पुरुष बरेच बेपत्ता असतील. त्यांना मृतांत धरू नका आणि ‘घर सोडून गेले’ यातही ढकलू नका. वेगळा रकाना करा, आणि ते बेपत्ता झाल्याच्या दिवसापासून त्यांचे दिवस छेदात धरणे थांबवा. संपूर्ण घरच नाहीसे झाले असेल तर त्याची खबर देणारे कोणी उरत नाही, आणि यावर माझ्याकडे उपाय नाही. अहवालात तसे स्पष्ट लिहावे, एवढेच.

नवीन सर्वेक्षणाला मंजुरी मिळेपर्यंत थांबू नका, हे माझे शेवटचे आणि थोडे आगाऊ मत. कबरी खोदणाऱ्यांना भेटा, धर्मप्रमुखांची परवानगी घ्या आणि आजपासून रोजच्या नव्या कबरी मोजायला एक माणूस नेमा. लहान कबरी वेगळ्या लिहायला सांगा. कफनाचे कापड मोफत देता आले तर फारच उत्तम, कारण मग मृत्यू लपवण्याऐवजी सांगण्यात घराचा फायदा असतो, आणि कापड घ्यायला येणाऱ्याला वस्तीचा क्रमांक आणि आल्याचा महिना विचारता येतो. कापडासाठी पैसे मागताना कारण काय लिहायचे हा प्रश्न येईल. आम्ही ‘इतर साहित्य’ या सदरात टाकले होते आणि कोणी विचारले नाही.

तुमच्या तक्त्यातली नावे आणि ओळखीचे तपशील काढून फक्त रकान्यांची मांडणी इथे टाकलीत, तर व्यक्ती-दिवसांचा हिशेब मी रविवारी करून पाहीन. आल्याची तारीख विचारायची राहिली असेल, तर त्याच झोपड्यांमध्ये फक्त तेवढ्या एका प्रश्नासाठी पुन्हा जाता येईल का ते आजच पाहा. आम्हाला ते चार दिवसांत जमले होते, आणि तेही चिखलातून.