अमेरिकन फुटबॉलमध्ये एखादा व्यावसायिक संघ अख्ख्या हंगामात एकही सामना जिंकला नाही, असं कधी झालंय का? मग त्या संघाचं पुढे काय होतं?

झालंय. आणि त्यातला एक हंगाम मी तिथे राहून, पदरचे पैसे खर्च करून पाहिलाय. डेट्रॉइट लायन्स, साल २००८. सोळा सामने, सोळा पराभव.

एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, ०-१६ करणारा तो पहिला संघ. त्याआधी १९७६ मध्ये टॅम्पा बे बकनिअर्स १४ पैकी १४ हरले होते, पण तो संघ त्याच वर्षी जन्माला आला होता. तान्ह्या बाळाला पळता येत नाही म्हणून कोणी हसत नाही. लायन्स १९३४ पासून डेट्रॉइटमध्ये आहेत, त्यांना ही सवलत नव्हती. पुढे २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सनीही ०-१६ केलं. त्यांचे चाहते जास्त खट्याळ निघाले: जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्यांनी स्टेडियमभोवती गोल मिरवणूक काढली, शून्याच्या आकाराची.

मी २००७ मध्ये नोकरीनिमित्त डेट्रॉइटच्या उपनगरात आलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. शेजारच्या टेबलावर साठीला आलेला एक गृहस्थ बसायचा, बाप-आजोबांपासून लायन्सचा भक्त. मला तेव्हा या खेळातलं काही कळत नव्हतं. लांबट चेंडू, हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं, दर पाच सेकंदांनी थांबणारा खेळ. त्याने शिकवलं. पहिल्याच दिवशी त्याने मला तिथला जुना विनोद ऐकवला: लायन्सची दोन तिकिटं गाडीत काचेमागे ठेवून तो दुकानात गेला, परत येऊन बघतो तर काच फोडलेली आणि आत चार तिकिटं.

२००८ ची गंमत अशी की हंगामाआधीचे चारही सराव सामने लायन्स जिंकले होते. आमच्या गृहस्थांनी ऑफिसात डोनट वाटले.

मग खरा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यात अटलांटाच्या मॅट रायन या नवख्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) कारकिर्दीतला पहिलाच पास ६२ यार्डांच्या टचडाउनसाठी (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्टीत पोचवला की सहा गुण) फेकला. दुसऱ्या सामन्यात ग्रीन बेविरुद्ध ०-२१ वरून लायन्स २५-२४ असे पुढे गेले. घरात मी पहिल्यांदा सोफ्यावरून उठून ओरडलो. शेवट २५-४८. बायको म्हणाली, "तुला कळतं तरी का त्यातलं?" तेवढं कळायला लागलं होतं.

पण त्या वर्षाचा मुकुटमणी म्हणजे १२ ऑक्टोबर, मिनेसोटाविरुद्धचा सामना. मैदानाच्या दोन्ही टोकांना दहा यार्डांची एक पट्टी असते, एन्ड झोन. आपल्याच एन्ड झोनमध्ये तुमच्या हातात चेंडू असताना तुम्ही पकडले गेलात किंवा रेषेबाहेर पाय पडला, की समोरच्या संघाला दोन गुण. याला सेफ्टी म्हणतात. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तर लायन्सचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की मागे सरकला, जॅरेड ॲलन नावाचा पहाड अंगावर येताना पाहून बाजूला पळाला, आणि पळता पळता मागच्या रेषेच्या चक्क बाहेर गेला. बाहेर गेलोय हे त्याला स्वतःला पत्ता नाही! शिट्टी वाजली तरी हा चेंडू फेकायला माणूस शोधतोय. सामना लायन्स १०-१२ असा हरले. फरक किती, तर त्याच दोन गुणांचा. ऑर्लोव्स्की आता टीव्हीवर उत्तम विश्लेषण करतो आणि या प्रसंगावर स्वतःच हसतो. त्याबद्दल मला तो आवडतो.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण ०-१६ म्हटलं की लोकांना वाटतं प्रत्येक सामन्यात धुलाई झाली असेल. तसं नव्हतं. शिकागोविरुद्ध मध्यंतराला दहा गुणांनी पुढे असताना २३-२७ हरले. मिनेसोटाविरुद्धचा दुसरा सामना १६-२० गेला. मी एकदाच स्टेडियममध्ये गेलो, नोव्हेंबरात, टॅम्पा बेविरुद्ध. फोर्ड फील्डला छप्पर आहे, बाहेर कुडकुडायला होत होतं आणि आत उबदार. लायन्स १७-० पुढे! आमचे गृहस्थ शांत बसून होते. मी म्हटलं, आता तरी टाळ्या वाजवा. ते म्हणाले, "थांब जरा." तिथून पुढचा स्कोअर ३-३८. सामना संपला २०-३८ वर. तीस-चाळीस वर्षं हरताना पाहिलेल्या माणसाला कुठल्या क्षणी घडी विस्कटणार याचा वास आधी येतो.

चार दिवसांनी थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला मोठा सण. त्या दिवशी लायन्स घरच्या मैदानावर खेळतात आणि सगळा देश टर्की खाता खाता बघतो, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळ्यांनी एकच सामना लावावा तसं. टेनेसीने १०-४७ असं लोळवलं. अब्रू जाण्याची वेळही कशी, अख्खा देश जेवायला बसलेला असताना.

त्यातही भर म्हणजे तेव्हाचा टीव्हीचा नियम. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत, तर स्थानिक प्रक्षेपण बंद. त्या ऑक्टोबरपासून डेट्रॉइटमध्ये घरचे बरेचसे सामने दिसेनासे झाले. तिकिटं खपणार कशी? शहर गाड्यांच्या धंद्यावर जगणारं, आणि मंदीत सापडलेल्या गाड्यांच्या तीन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख त्याच नोव्हेंबरात मदत मागायला वॉशिंग्टनला गेले होते, तेही आपापल्या खासगी विमानांनी. खासदारांनी फाडून खाल्ल्यावर पुढच्या खेपेला गाडीने गेले. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी कोणाकोणाला खोलीत बोलावणं यायचं आणि सोमवारी टेबल रिकामं दिसायचं. आमच्या गृहस्थांचं टेबल डिसेंबरात रिकामं झालं. म्हणून मला त्या हंगामावरचे विनोद आवडतात, पण पूर्ण हसू येत नाही. रविवारी तीन तास तरी डोकं दुसरीकडे लागावं एवढीच शहराची अपेक्षा होती.

हिशेब सांगतो: २६८ गुण केले, ५१७ दिले. बचावफळीने अख्ख्या हंगामात समोरच्यांचे फक्त ४ पास मध्येच झेलून पळवले. बचावाचा प्रशिक्षक होता जो बॅरी, आणि तो मुख्य प्रशिक्षक रॉड मॅरिनेली यांचा जावई. जामाता दशमो ग्रहः हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. शेवटून दुसऱ्या सामन्यात न्यू ऑर्लिन्सने ७-४२ धुतल्यावर एका पत्रकाराने मॅरिनेलींना भर पत्रकार परिषदेत विचारलं, तुमच्या मुलीने जरा बरा बचाव-प्रशिक्षक नवरा केला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं का? प्रश्न हलकटच होता, त्या पत्रकाराला पुढे पेपर सोडावा लागला. पण त्या आठवड्यात शहरात दुसरं काही बोललं गेलं असेल असं मला वाटत नाही. शेवटचा सामना ग्रीन बेत २१-३१ गेला आणि दुसऱ्या दिवशी मॅरिनेलींना नारळ मिळाला.

माझ्या मते मात्र दोष सासरा-जावयाचा कमी. हा संघ २००१ पासून कचेरीत बसून बिघडवला होता. त्या वर्षी मालक विल्यम क्ले फोर्ड (हो, तेच गाडीवाले फोर्ड घराणं) यांनी मॅट मिलन यांच्या हाती सगळा कारभार दिला. मिलन खेळाडू म्हणून चार सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेले, नंतर समालोचक, पण संघ उभारण्याचा अनुभव शून्य. इथेच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. एनएफएलमध्ये खालची श्रेणीच नाही. ३२ संघ आहेत तिथेच राहतात, टीव्हीचा पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो, आणि सर्वांत वाईट संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर मिळतो. नापासाला पुढच्या वर्षी पहिलं बाक. कल्पना चांगली आहे, पण निवडणाऱ्याला कळत असेल तर. मिलननी २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, म्हणजे लांब पळून चेंडू झेलणारा. आयपीएलच्या लिलावात दर वर्षी सलामीचाच फलंदाज घ्यावा आणि गोलंदाजी कोण करणार ते देवावर सोडावं, तसला प्रकार. त्यातले दोघे लवकरच संघाबाहेर गेले. २००७ मध्ये चौथा घेतला, कॅल्व्हिन जॉन्सन. तो अस्सल हिरा निघाला, ०-१६ च्या वर्षातही त्याने १२ टचडाउन केले. पण झेलणारा कितीही भारी असला तरी आधी कोणीतरी फेकायला हवा, आणि फेकणाऱ्याला उभं राहायला दोन सेकंद मिळायला हवेत.

२००५ मध्ये लोकांनी मिलनविरुद्ध मोर्चा काढला होता. तरी ते राहिले. अखेर २००८ च्या सप्टेंबरात, तीन सामने हरल्यावर, मालकांच्या मुलानेच पत्रकारांना सांगितलं की माझ्या हातात असतं तर मी यांना काढलं असतं. दोन दिवसांत मिलन गेले. त्यांच्या काळातला हिशेब ३१ विजय, ८४ पराभव. संघ खालच्या श्रेणीत जाण्याची भीती असती तर कुठल्या मालकाने सात वर्षं हे चालू दिलं असतं?

बक्षीस म्हणून २००९ चा पहिला नंबर मिळाला, आणि त्यावर मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला. चांगला निघाला, पण बारा वर्षांत त्याच्या हातून बाद फेरीतला एकही सामना जिंकला गेला नाही. २०२१ मध्ये त्याला लॉस एंजेलिसला दिलं, त्याने तिथे पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. बदल्यात लायन्सना जॅरेड गॉफ आणि पहिल्या फेरीतल्या दोन निवडी मिळाल्या. नवा मुख्य प्रशिक्षक आला डॅन कॅम्पबेल, जो २००८ च्या त्या ०-१६ संघात खेळाडू होता आणि दुखापतीमुळे एकच सामना खेळला होता. त्याच्या पहिल्या वर्षी पहिला विजय यायला ५ डिसेंबर उजाडला. मग जानेवारी २०२४ मध्ये बाद फेरीत लायन्सनी २४-२३ ने सामना जिंकला, ३२ वर्षांत पहिला, आणि समोर कोण, तर स्टॅफर्ड. म्हणजे ०-१६ चं फळ पिकायला पंधरा वर्षं लागली, तेही विकल्यावर.

पण मला तो विजय आठवत नाही तितका २७ सप्टेंबर २००९ चा आठवतो. २००७ चा शेवटचा सामना आणि अख्खं २००८ धरून सलग १९ पराभव झाले होते. वॉशिंग्टनविरुद्धचा सामना घरचा, तिकिटं उरलेली, म्हणून टीव्हीवर नाही. मी गाडीत बसून रेडिओ लावला, कारण घरातला रेडिओ आम्ही कधी घेतलाच नव्हता. १९-१४. शेवटच्या चेंडूवर वॉशिंग्टनवाले एकमेकांकडे चेंडू टाकत पळत सुटले, समालोचकाचा आवाज चढत गेला आणि मग नुसता गोंगाट. मी ऑफिसातल्या त्या जुन्या शेजाऱ्याला फोन लावला. तो तेव्हा मुलीकडे ओहायोत राहायला गेला होता. त्याने फोन उचलला आणि हॅलो न म्हणता विचारलं, "खरंच संपला का? वेळ शिल्लक नाही ना?"