बेळगावात नव्यानं आलेय. इथल्या हौशी संस्थेच्या यंदाच्या नाटकांपैकी कोणती पाहू?

तुमच्या हातात पडलेलं पत्रक आमच्याच संस्थेचं आहे, म्हणून उत्तर द्यायला बसले. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन बेळगावात आलात, ऑफिसात कुणीतरी हे पत्रक दिलं, आणि त्यात ‘संगीत सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, नाव न ठरलेलं एक नवं नाटक आणि उन्हाळी सुट्टीतलं बालनाट्य अशी चार नाटकं आहेत. तुमचे प्रश्न तीन: हौशी मंडळी इतकी जुनी नाटकं का करतात, चारही नाटकांचा पास घ्यावा का, आणि अभिनय न येणाऱ्या माणसाला तिथं काही काम मिळतं का.

पास घ्या. आणि कामाच्या धबडग्यात एकच जमणार असेल तर फेब्रुवारीतलं ‘मृच्छकटिक’ चुकवू नका. का ते सांगते. मी बावीस वर्षं या संस्थेत प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नट अडला की आतून वाक्य पुरवते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. तिथून नाटक दिसतं कमी आणि ऐकू येतं जास्त. त्यामुळे माझं सगळं सांगणं कानानं केलेलं आहे.

आधी जुन्या नाटकांचा प्रश्न. पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्याचे वाटतात, ते साहजिक आहे. ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यातच झाला, ‘सौभद्र’ही 1882 साली तिथंच रंगभूमीवर आलं. खरं अण्णासाहेब जन्मले ते गुर्लहोसूरला. (इथं ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात, पंधरा दिवसांत तुमच्याही तोंडात बसेल.) गुर्लहोसूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, सौंदत्तीकडचं गाव. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली, सरकारी कचेरीत नोकरी केली, आणि 1885 साली डोळे मिटले तेही गुर्लहोसूरलाच. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल बेळगावच्या शाळेत शिकले, किर्लोस्कर त्यांचे गुरू. त्याच्याही मागं जायचं तर 1843 साल. त्या वर्षी 5 नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. ते करण्याचं निमित्त काय, तर उत्तर कानड्यातली भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली होती आणि तसं काहीतरी मराठीत करा असं सांगलीच्या राजेसाहेबांनी भाव्यांना सांगितलं होतं. म्हणजे मराठी नाटक उभं राहिलं तेच मुळी कानडी खेळ बघून. किर्लोस्करांच्या पदांतही साकी-दिंडी या जुन्या मराठी चालींच्या शेजारी कानडी चाली येऊन बसलेल्या आहेत. म्हणून ‘जुनी नाटकं का’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे की ती आमच्या घरची आहेत. सीमाभागात राहणाऱ्यांच्या कानाला दोन भाषा जशा एकदम ऐकू येतात, तशा त्या या नाटकांनाही ऐकू आल्या होत्या.

यंदा आमच्या ‘सौभद्र’मधला कृष्ण गोकाककडचा मुलगा आहे. घरची भाषा कानडी, शाळा कानडी, गळा मात्र देवानं हातचं न राखता दिलेला. मराठी तो बोलतो, वाचताना अडखळतो, म्हणून सगळी पदं त्यानं वहीत कानडी लिपीत उतरवून घेतली आहेत. पहिल्या आठवड्यात ‘नच सुंदरी करू कोपा’ म्हणायला लागला की आमचे ऑर्गनवाले काका हात थांबवायचे. सूर पक्का होता, अडचण ‘नच’मधल्या च ची होती. मराठीत च दोन आहेत, चंद्रातला एक आणि चांदण्यातला दुसरा. लिहिताना आपण फरक करत नाही, कारण तोंडाला तो आपोआप माहीत असतो. कानडीत हा दुसरा च नाही, त्यामुळे त्याच्या वहीत दोन्हीसाठी एकच अक्षर. चार दिवस मी त्याच्याशेजारी बसून प्रत्येक पदातला चांदण्यातला च शोधून दिला आणि त्यानं त्या अक्षराखाली लाल पेनानं ठिपका दिला. ‘प्रिये पहा’च्या पानावर, ‘नच सुंदरी’च्या पानावर, सगळीकडे आता ते लाल ठिपके आहेत. परवाच्या तालमीत त्यानं ‘नच’ उचललं आणि काकांनी ऑर्गन न थांबवता नुसती मान हलवली. त्या मुलाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मूळ ‘सौभद्र’मध्ये पदं इतकी आहेत की सगळी गायची म्हटली तर पहाट होईल. आम्ही निवडक ठेवून प्रयोग तीन तासांत बसवलाय. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नारळ त्यानंच फुटणार. जमलं तर ऑर्गनच्या बाजूला, पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत बसा. सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ तिथून वेगळंच पोचतं.

आता ‘मृच्छकटिक’. गरिबीत आलेला चारुदत्त, त्याच्यावर जीव जडलेली गणिका वसंतसेना, शर्विलकाची घरफोडी, मातीची गाडी हे तुम्हाला शाळेत किंवा सिनेमात कधीतरी भेटलं असेल. शूद्रकाच्या मूळ नाटकाची एक गंमत मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्यात माणूस बदलला की बोली बदलते. चारुदत्त संस्कृत बोलतो, बायका आणि नोकरचाकर वेगवेगळ्या प्राकृत बोली बोलतात, राजाचा मेहुणा शकार, त्याची बोली तर त्याची स्वतःचीच. संस्कृत नाटकांत इतक्या बोली एका जागी दुसरीकडे क्वचितच सापडतात.

सहाव्या अंकात एक प्रवेश आहे. गवळ्याचा पोर आर्यक राजाच्या कैदेतून पळालाय आणि चुकून चारुदत्ताच्या गाडीत चढून बसलाय. रस्त्यावर पहाऱ्याचे दोन अधिकारी, वीरक आणि चंदनक, गाडी अडवतात. चंदनक आत डोकावतो, आर्यक हात जोडून शरण येतो आणि चंदनक त्याला अभय देतो. खाली उतरून वीरकाला सांगायचं असतं की आत वसंतसेना आहे. खरं घाईत त्याची जीभ घसरते. ‘आर्या’ म्हणायच्या जागी तो आधी पुरुषाला म्हणतात तसं बोलून जातो आणि मग सावरतो. वीरकाला संशय येतो. तेव्हा चंदनक म्हणतो, आम्ही दक्षिणेकडची माणसं, आमचं बोलणं असंच धेडगुजरी, आम्हाला अमुक देशाची भाषा येते, तमुक देशाची येते. त्या यादीत कर्णाटही आहे. तरी वीरक गाडी तपासायला निघतो. मग चंदनक मनाशी ठरवतो की आता कर्नाटकी भांडण काढायचं. शब्दच तसे आहेत मुळात, प्राकृतात, ‘कण्णाडकलह’. आणि तो असं काही भांडण उकरून काढतो की गाडी राहते बाजूला आणि आर्यक सुटतो.

पहिल्या वाचनाला हा शब्द आला तेव्हा हॉलमध्ये एक क्षण कुणी बोललंच नाही. आमच्यात मराठी आहेत, कानडी आहेत, एक कोकणी घर आहे. प्रत्येकानं आपापल्या आयुष्यातली भांडणं मनात मोजून पाहिली असणार. मग सगळे इतके हसलो की चहा गार झाला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेखकानं आमच्या जिल्ह्याला नावानं हाक मारल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या नाटकात त्या भांडणाच्या आडोशानं एक जीव वाचतो. देवलांनी हे नाटक मराठीत आणलं तीच संहिता आम्ही पायाशी ठेवलीय, हा प्रवेश मात्र मुळाबरहुकूम बसवतोय. वीरक मराठीत भांडेल, चंदनक कानडीत. दोघंही नट सौंदत्ती तालुक्यातले. त्याच तालुक्यातल्या एणगी गावचे बाळप्पा कानडी कंपनी नाटकाचे थोर नट, शंभरी ओलांडून 2017 साली गेले. चंदनक करणाऱ्या आमच्या नटानं लहानपणी त्यांचा बसवेश्वर बघितलाय. तो उभा राहतो कसा ते बघाल तेव्हा मी काय म्हणते ते लक्षात येईल.

देवल, किर्लोस्कर निवडण्यात एक व्यवहारही आहे, तो लपवण्यासारखा नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ही नाटकं कुणालाही करता येतात, त्यात असे प्रवेश नव्यानं बसवता येतात. मामा वरेरकर 1964 साली गेले, म्हणजे 2025 पासून त्यांचीही नाटकं मोकळी झाली. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी एक करावं असं माझ्या मनात आहे. अलीकडच्या लेखकाचं नाटक करताना लेखी परवानगी आणि मानधन हे आम्ही कधी चुकवत नाही.

नवं नाटक आमच्यातल्याच एका शिक्षिकेनं लिहिलंय. जानेवारीत पहिला प्रयोग. बेळगावच्याच वडगावातलं विणकराचं घर, पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग. सासू मराठी, सून कानडी, मुलगा दोघींशी दोन भाषांत बोलतो. माग चालू असताना त्या घरात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. वीज गेली की माग थांबतो, आणि मनातलं जे काही बोलायचं ते तेवढ्याच वेळात बोललं जातं. अख्खं नाटक या वीज जाण्या-येण्यावर रचलंय. मुलाचं काम करणारा स्वतः वडगावचा, दिवसा माग चालवतो. धोटा कसा सरकतो, धागा तुटल्याचं हाताला आधी कसं कळतं, हे त्यानं सगळ्यांना घरी नेऊन दाखवलं. मागाचा आवाज त्याच्याच घरात ध्वनिमुद्रित केलाय. दुसऱ्या अंकात तो आवाज अचानक थांबतो आणि सून सासूला विचारते, “ऊटा आतेन?” जेवलात का, एवढंच. सासूला कानडी येत नाही असं तोवर सगळे धरून चाललेले असतात, आणि ती त्याच भाषेत उत्तर देते. तिथं मी प्रॉम्प्टिंगची वही बाजूला ठेवते, कारण त्या शांततेत माझा श्वाससुद्धा पुढच्या रांगेत ऐकू जाईल.

या नाटकाची भाषा बेळगावी आहे. “काय करूलास?”, “चल की”, “होय की”, असंच बोलतात त्यात. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमच्या अशाच एका एकांकिकेच्या गुणपत्रिकेवर ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा आला होता. त्या रात्री परतीच्या गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. ज्या आजीची भूमिका होती तिची नक्कल आमच्या नटीनं स्वतःच्या आजीवरून उचलली होती, तिला तो शेरा आजीला दिल्यासारखा लागला. त्यानंतर संस्थेत बराच वाद झाला, संहिता ‘सुधारून’ घ्यावी असं म्हणणारेही होते. मी त्या विरोधात होते, आजही आहे. पुण्याचं पेठेतलं मराठी रंगमंचावर चालतं, मालवणी चालतं, तर येळ्ळूरच्या, कडोलीच्या, खानापूरच्या माणसाचं मराठी का चालू नये? नवं नाटक तुम्ही बघाल तेव्हा पहिली दहा मिनिटं कान लावावा लागेल. पुढं सगळं समजेल.

बालनाट्याचं अजून फारसं ठरलेलं नाही, मुलं एप्रिलच्या परीक्षा संपल्यावर जमतील.

तारखांबद्दल थोडं. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो आणि इथली मराठी मंडळी काळा दिवस पाळतात; त्याच्या आसपास शहरातलं वातावरण कसं असतं ते तुम्हाला कळेलच. त्या दिवसांत आम्ही फक्त तालमी ठेवतो, आणि मराठी-कानडी दोघंही तालमीला येतात. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, रस्त्यावर बंदोबस्त, बाहेरगावच्या माणसांना राहायला खोली मिळत नाही, म्हणून तो महिना प्रयोगाविना. जानेवारीनंतर सुगी आटोपली की गावांतून बोलावणी येतात. नवं नाटक खानापूर भागात घेऊन जायचंय, तिथं मंडपात, जमिनीवर बसलेल्या लोकांसमोर. शहरातला प्रयोग बघून झाला तरी तिथं एकदा आमच्या टेम्पोतून या. रात्री दोनपर्यंत परत आणून सोडू.

तुमचा तिसरा प्रश्न कामाचा. अभिनय न येणाऱ्यांवरच तर संस्था उभी आहे. तिकिटं गल्लोगल्ली पोचवणं, कपड्यांना इस्त्री, मेकअपच्या खोलीत आरसा धरणं, पडद्याची दोरी. खरं तुमच्यासाठी माझ्या मनात एक नेमकं काम आहे. वीरक-चंदनकाचं भांडण बसवताना आमची एकच पंचाईत होतेय, तालमीला येणाऱ्या सगळ्यांना कानडी समजतं. न समजणाऱ्याला ते भांडण नुसत्या आवाजावरून आणि हातवाऱ्यांवरून पोचतंय का, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. तुम्ही आत्ताच आलाय, कानडीचा गंध नाही असं तुम्हीच लिहिलंय. अजून महिनाभर तरी तो लागायचा नाही. बुधवारी संध्याकाळी साडेसातला टिळकवाडीत तालमीला या. पत्रकावरच्या नंबरवर फोन केलात तर पत्ता सांगतील. समोर खुर्चीत बसा, आणि जिथं काही कळलं नाही तिथं नुसता हात वर करा.